मिठाशी बोलणारा धर्मगुरू

वाटीत मूठभर मीठ. शेजारी पाण्याने भरलेले भांडे. पांढऱ्या झग्यावर जांभळी स्टोल घेतलेला धर्मगुरू पुस्तक उघडतो आणि मिठाशी बोलू लागतो. मिठाविषयी नव्हे, थेट मिठाशी. लॅटिनमध्ये, एकेरीत, समोरच्या माणसाला बजावावे तसा. जिवंत देवाची, खऱ्या देवाची, पवित्र देवाची आण घालून तो त्याला सांगतो, की तू आता श्रद्धावंतांच्या रक्षणासाठी शुद्ध मीठ हो. जो तुला घेईल त्याच्या देहाला आणि आत्म्याला आरोग्य दे. जिथे तुला शिंपडतील तिथून सैतानाचे कपट पळून जाऊ दे. मग मिठासाठी देवाकडे प्रार्थना. त्यानंतर पाण्याची पाळी, तेही तसेच समोरासमोर, आणि पुन्हा प्रार्थना. शेवटी क्रूसाच्या आकारात तीनदा मीठ पाण्यात सोडायचे आणि एक समारोपाची प्रार्थना म्हणायची. कॅथलिक घरांत दाराशी किंवा देव्हाऱ्याजवळ बाटलीत जपून ठेवलेले 'पवित्र पाणी' साडेतीनशे वर्षे असे तयार होत होते. पोप पाचवे पॉल यांनी १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या 'रितुआले रोमानुम' या विधिग्रंथात हा क्रम दिला आहे, आणि त्यातल्या प्रार्थना त्या ग्रंथाहून कितीतरी जुन्या आहेत.

आजचा विधी लहान आहे. अभिवादन, बायबलमधला एखादा उतारा, एक प्रार्थना, क्रूसाची खूण. मिठाशी कोणी बोलत नाही, पाण्याशीही नाही. बोलणे आहे ते देवाशी. मीठ घालायचे की नाही, हेही तिथली परिस्थिती आणि लोकांची रीत पाहून ठरवायचे.

एवढाच फरक आहे का? कागदावर पाहिले तर एवढाच. पण या फरकावरून युरोप-अमेरिकेत गेली चाळीस वर्षे पुस्तके लिहिली जात आहेत, धर्मगुरू एकमेकांना टोमणे मारत आहेत, आणि काही भाविक 'जुन्या पद्धतीचेच पाणी हवे' म्हणून दूरच्या चर्चपर्यंत गाडी हाकत आहेत. जुने पाणी 'जोरदार' आणि नवे 'पाणचट', अशी एक ओरड आहे. पुढच्या पानांवर दोन्ही विधी शेजारी शेजारी ठेवले आहेत. ते वाचण्याआधी हा वाद जालन्यासारख्या जिल्ह्यातून कसा दिसतो हे पाहणे भाग आहे, कारण इथे पाणी, मीठ आणि शिंपडणे या तिन्ही गोष्टींना आधीपासूनच आपापले अर्थ चिकटलेले आहेत.

मिठापासूनच सुरुवात करू. तान्हे मूल संध्याकाळी उगाच किरकिर करू लागले की घरातली आजी मूठभर मीठ-मोहऱ्या घेते, त्यात दोन सुक्या मिरच्या टाकते, मुलावरून ओवाळते आणि चुलीत टाकते. ठसका लागला नाही तर दृष्ट जबरी होती, असे समजायचे. धर्म कोणताही असो, मराठवाड्यातल्या घराला हे दृश्य अनोळखी नाही. अशा घरातल्या बाईला कोणी मराठीत सांगितले, की चर्चमध्ये पूर्वी मिठाला बजावून त्यातले वाईट काढत आणि मग त्या मिठाने घराचे रक्षण होई, तर ती मान डोलावेल. तिला त्यात नवल वाटणार नाही. धर्मगुरूला मात्र नेमकी याचीच धास्ती वाटेल. जे इतक्या सहज कळते ते बरोबर कळले आहे का, हा त्याचा प्रश्न असतो.

जालन्यात ख्रिस्ती धर्म आला तोच मुळी या मिठा-पाण्याला नकार देत आला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असई गावी इंग्रज सेनापती वेलस्लीने मराठी फौजांचा पराभव केला. पुढे जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामी फौजेची, छावणी पडली. छावणीबरोबर साहेब आले आणि साहेबांबरोबर त्यांचे चर्च. जालन्याचे क्राइस्ट चर्च ही त्या काळाची खूण. पण स्थानिक माणसांचा ख्रिस्ती समाज उभा राहिला तो नारायण शेषाद्री यांच्यामुळे. ब्राह्मण घरातल्या या तरुणाने १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनरींकडून बाप्तिस्मा घेतला. पुढे ते निजामाच्या मुलखात आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. पहिले सालारजंग तेव्हा हैदराबादचे दिवाण होते. जमीन त्यांच्याच सरकारातून मिळाली.

नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत याची गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासात जास्त गाजली. तोही मिशनऱ्यांकडे गेला होता. प्रकरण कोर्टात गेले आणि मुलाला वडिलांच्या ताब्यात देण्यात आले. मग प्रश्न उभा राहिला, की मिशनऱ्यांच्या घरी राहिलेला, जेवलेला मुलगा पुन्हा जातीत घ्यायचा कसा? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा आग्रह धरला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एक भाऊ पाण्याने एका धर्मात गेला आणि दुसऱ्याला शुद्ध करून दुसऱ्या धर्मात परत आणायचे होते. कोणता विधी 'लागू पडतो' आणि कोणता नाही, हा प्रश्न या एका कुटुंबाने दोन्ही बाजूंनी भोगला.

स्कॉटिश प्रेसबिटेरियन परंपरेत पवित्र पाणी नाही. बाप्तिस्म्याला पाणी लागते, पण ते साधे पाणी, आणि विधी झाला की ते पुन्हा साधेच. दाराशी पाण्याचे पात्र नाही, बाटली भरून घरी न्यायची नाही, शेतावर शिंपडायचे नाही. जालना शहरात अजूनही 'ख्रिस्ती' म्हटले की आधी मिशन हॉस्पिटल आठवते, आणि ते याच परंपरेतले. त्यामुळे जालन्यातल्या कॅथलिकाला आपले पवित्र पाणी दोघांना समजावून सांगावे लागते: 'हे आमच्या तीर्थासारखेच ना?' म्हणणाऱ्या हिंदू शेजाऱ्याला आणि 'हे बायबलमध्ये कुठे आहे?' विचारणाऱ्या प्रोटेस्टंट भावकीला. मुसलमान शेजाऱ्याच्या कपाटात हजहून आणलेली आबे-जमजमची बाटली असते. तो बहुधा काहीच विचारत नाही.

कॅथलिक धागा वेगळ्या वाटेने आला. फ्रान्समधल्या अ‍ॅनसीचे फ्रान्सिस डी सेल्स मिशनरी नागपूरकडून या भागात उतरले. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा, त्यातून १९५५ साली अमरावतीचा निघाला आणि अमरावतीतून १९७७ च्या डिसेंबरात औरंगाबादचा. जालना जिल्हा त्याच धर्मप्रांतात येतो. गंमत अशी, की जिल्हा म्हणून जालना जन्मला १ मे १९८१ रोजी, म्हणजे धर्मप्रांतानंतर जवळपास साडेतीन वर्षांनी. आणि आशीर्वादांचे नवे पुस्तक रोमने काढले १९८४ साली. थोडक्यात, 'जालना जिल्हा' असे ज्याला म्हणता येते त्याने जुन्या विधीचा सरकारी काळ जेमतेम तीन वर्षे पाहिला, आणि त्या तीन वर्षांतही बहुतेक धर्मगुरू रविवारच्या मिस्सासाठी नव्या मिस्साग्रंथातलीच प्रार्थना वापरत असणार. इथला वाद हा आठवणीचा वाद नाही. युरोपातल्या आजोबांना जे आठवते ते इथल्या नातवांना मोबाइलवर सापडते.

आता थोडे मागे. चौथ्या शतकात इजिप्तमधले बिशप सेरापिओन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थनासंग्रहात पाण्यावर आणि तेलावर म्हणायची प्रार्थना आढळते. घरे शुद्ध करण्यासाठी मीठ घातलेले पाणी रोमच्या परंपरेत गेलासियन म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात दिसते. त्याचे हस्तलिखित आठव्या शतकातले. नवव्या शतकात रीम्सचे आर्चबिशप हिंकमार आपल्या धर्मगुरूंना सांगतात, की दर रविवारी मिस्साआधी पाणी पवित्र करा, लोकांवर शिंपडा, आणि ज्यांना हवे त्यांना ते घरी नेऊ द्या. त्यांनी ते घरांवर, शेतांवर, गुराढोरांवर आणि वैरणीवर शिंपडावे. वैरणीवर! फ्रान्सच्या त्या बिशपला घनसावंगी-परतूरच्या शेतकऱ्याशी बोलायला दुभाषी लागला असता, पण विषय लगेच जुळला असता. (पाण्याचा धंदाही तितकाच जुना आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोनने देवळासाठी एक यंत्र वर्णिले आहे: नाणे टाका, हात धुण्यापुरते पाणी मिळवा. मराठवाड्यातल्या गावोगावच्या वॉटर एटीएमचा हा पणजोबाच म्हणायचा.)

मीठ का? टिकाऊपणाचे कारण उघड आहे. लोणचे घालणाऱ्या कोणालाही ते माहीत असते. पण विधीने दिलेले कारण दुसरे आहे. यरीहो नगरातले लोक अलीशा संदेष्ट्याकडे गाऱ्हाणे घेऊन येतात: गाव चांगले, पण पाणी वाईट आणि जमीन नापीक. अलीशा नवे भांडे मागवतो, त्यात मीठ घालायला सांगतो आणि ते झऱ्याच्या मुखाशी टाकतो. पाणी सुधारते. जुन्या विधीत मिठाला बजावताना ही गोष्ट आठवली जाते. जालन्यात कूपनलिका खोल खोल जातात आणि वर येते ते पुष्कळदा मचूळ, भांड्यावर पांढरा थर सोडणारे पाणी. खारट पाण्यात मीठ टाकून ते गोड करण्याचा चमत्कार इथल्या माणसाला विज्ञानाच्या पुस्तकाविनाही उलटा वाटेल. पण वाईट पाणी म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. टँकर आला की हंडे, बादल्या, ड्रम घेऊन धावणाऱ्या गल्लीसाठी 'पाण्याचा आशीर्वाद' हा शब्दप्रयोग आधी शब्दशः खरा असतो, मग आध्यात्मिक.

जुन्या विधिग्रंथाला व्यवहाराची ही बाजू चांगली कळत होती. त्यात विहिरीला आशीर्वाद आहे, मधमाश्यांना आहे, रेशमाच्या किड्यांना आहे. पुढे भर पडत गेली तसे रेल्वे, तारयंत्र, १९२० मध्ये विमान आणि १९२४ मध्ये चक्क भूकंपमापक यंत्रही आले. नव्या पुस्तकातही घरे, शेते, जनावरे, अवजारे, वाहने आहेत. दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालणाऱ्या मुलखात नव्या ट्रॅक्टरवर पाणी शिंपडायला फादरना बोलावणे कोणाला विचित्र वाटणार?

आता वादाच्या मुळाशी जाऊ. जुन्या विधीतल्या 'बजावण्याला' चर्चच्या भाषेत एक्सॉर्सिझम म्हणतात. त्यामागची समजूत अशी: देवाची सृष्टी चांगलीच आहे, पण माणसाच्या पतनानंतर ती सैतानाच्या कचाट्यातून पूर्ण सुटलेली नाही, म्हणून एखादी वस्तू पवित्र कामासाठी घेण्याआधी तिला मोकळे करायचे. १९६० नंतरच्या सुधारकांना हे नको होते. त्यांचे म्हणणे: पाण्यात भूत बसलेले नसते. पाणी पाहून आठवला पाहिजे तो स्नानसंस्कार, आपला बाप्तिस्मा. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि संस्कारांना जोडून येणाऱ्या या लहान विधींचीही उजळणी करायला सांगितले. १९७० च्या मिस्साग्रंथाच्या परिशिष्टात रविवारच्या शिंपणाची नवी पद्धत आली, १९८४ साली आशीर्वादांचे स्वतंत्र पुस्तक आले. दोन्हींतून पाण्याचा एक्सॉर्सिझम गेला.

रोमचे प्रसिद्ध एक्सॉर्सिस्ट फादर गाब्रिएले आमोर्थ (१९२५-२०१६) यांनी यावर कडक टीका केली. नव्या आशीर्वादांत सैतानापासून रक्षणाची भाषाच उरली नाही, अशी त्यांची तक्रार होती. आमोर्थ काही परंपरावादी बंडखोर नव्हते. ते पोपचे आज्ञाधारक धर्मगुरू होते आणि रोज हे काम करत होते, म्हणून त्यांचा शब्द वजनदार ठरला. त्याच क्षेत्रातले एक मोठे नाव महाराष्ट्राचे आहे. मुंबई धर्मप्रांताचे फादर रूफस परेरा (१९३३-२०१२) आंतरराष्ट्रीय एक्सॉर्सिस्ट संघटनेचे उपाध्यक्ष होते. ते आले होते करिश्माई चळवळीतून, लॅटिन मिस्साच्या ओढीतून नव्हे. ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी लागते, कारण सैतानाची भाषा बोलणारा प्रत्येक जण जुन्या विधीचा पुरस्कर्ता असतो, असा एक सोयीस्कर समज आहे. केरळातल्या मोठ्या रिट्रीट केंद्रांतून आशीर्वादित मीठ, तेल आणि पाण्याच्या बाटल्या घरोघर गेल्या त्या गिटारच्या तालावर, ग्रेगोरियन गायनाच्या सुरांवर नव्हेत.

आणि आमोर्थ यांची तक्रार सर्वस्वी बरोबर आहे का? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. नव्या मिस्साग्रंथाचे परिशिष्ट नीट वाचले तर दिसते, की जिथे रीत असेल तिथे मीठ घालायला मुभा आहे, आणि मिठासाठी वेगळी प्रार्थना आहे. त्या प्रार्थनेत अलीशा आहे. तीत असेही मागणे आहे, की हे मीठ आणि पाणी जिथे शिंपडले जाईल तिथे शत्रूचा प्रत्येक हल्ला परतवला जावो. म्हणजे शत्रू हद्दपार झालेला नाही, तो मिठाच्या पुडीत बांधून परिशिष्टात ठेवलेला आहे. मीठ वैकल्पिक झाले, बहुतेक ठिकाणी ते आळसाने किंवा घाईने गळाले, आणि मिठाबरोबर शत्रूही गळाला. नव्या विधीवरची निम्मी टीका खरे तर त्याच्या अपुऱ्या वापरावरची टीका आहे. उरलेली निम्मी मात्र खरी आहे. वस्तूला उद्देशून बोलण्याची ती प्राचीन, धीट, जवळजवळ काव्यमय पद्धत गेली ती गेलीच. आशीर्वाद देताना हाताने क्रूसाची खूण करावी की नाही याविषयीही नव्या पुस्तकाने इतकी संदिग्धता ठेवली, की २००२ साली रोमला स्वतंत्र आदेश काढून 'खूण करायचीच' असे सांगावे लागले.

भारतात या बदलाला आणखी एक पदर आहे, आणि तो उष्ट्या-खरकट्याचा आहे. जुन्या रोमन विधींत श्वास आणि थुंकी यांना जागा होती. ईस्टरच्या जागरणात बाप्तिस्म्याचे पाणी पवित्र करताना धर्मगुरू पाण्यावर श्वास फुंकायचा. बाप्तिस्मा देताना उमेदवाराच्या कानाला आणि नाकाला बोटाने थुंकी लावायचा, जिभेवर मीठ ठेवायचा. येशूने बहिऱ्या-तोतऱ्या माणसाच्या कानांत बोटे घातली आणि थुंकून त्याच्या जिभेला स्पर्श केला होता, त्याची ही आठवण. पण तामिळ प्रदेशातल्या मदुराई मिशनमधल्या जेझुइटांना लवकरच कळले, की इथल्या माणसाला दुसऱ्याची थुंकी म्हणजे किळसच नव्हे, विटाळ. त्यांनी ती गाळली. पोपचे दूत तुर्नों यांनी १७०४ साली पाँडिचेरीला हुकूम काढला: थुंकी, मीठ, श्वास काहीही गाळायचे नाही. वाद चाळीस वर्षे चालला आणि पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४४ साली त्यावर मोठा निर्णय दिला. याच झगड्याला इतिहासात मलबार रितींचा वाद म्हणतात. पुढे १९६९ च्या नव्या बाप्तिस्मा विधीत थुंकी नाही आणि मीठही नाही. मदुराईच्या जेझुइटांनी जे मागितले होते त्यातले बरेचसे रोमने सव्वादोनशे वर्षांनी सगळ्या जगाला देऊन टाकले.

त्याच १९६९ सालच्या २५ एप्रिलला रोमने भारतीय बिशपांच्या विनंतीवरून उपासनेतल्या बारा भारतीय गोष्टींना परवानगी दिली: पंचांग प्रणाम, आरती, मेणबत्तीऐवजी समई, पारंपरिक वस्त्रांऐवजी साधा अंगरखा आणि अंगवस्त्र, वगैरे. वर्षभरात नवा मिस्साग्रंथ आला. समई आत आली आणि मीठ दाराबाहेर गेले. आरती ओवाळणे भारतीय आणि मीठ ओवाळणे अंधश्रद्धा, असा निवाडा कोणी लिहून ठेवलेला नाही. पण झाले ते असे. विधी सुधारणारे रोममध्ये बसून उत्तर युरोपातल्या विद्यापीठांतल्या मंडळींशी बोलत होते. आणि भारतीयीकरण करणारे संस्कृत ग्रंथ उघडून बसले होते. आजीच्या चुलीकडे दोघांचेही लक्ष गेले नाही.

भाषेचे तर विचारूच नका. जुना विधी लॅटिनमध्ये होता तेव्हा बहुतेक मराठी कॅथलिकांना धर्मगुरू मिठाला काय सांगतो हे कळत नव्हते. कळत होता तो गंभीर स्वर आणि क्रूसाची खूण. १९६४ पासून लोकभाषेला वाट मिळाली, प्रार्थना कळू लागल्या, आणि कळू लागल्या तोवर मिठाशी बोलणे पुस्तकातून निघून गेले होते. आज कोणी तो एक्सॉर्सिझम मराठीत आणू म्हटले तर पहिल्याच वाक्याला अडखळेल. 'भूत उतरवणे' म्हणावे तर मांत्रिक उभा राहतो. 'निघून जा' म्हणावे तर देवऋषी वाकून पाहतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. प्रार्थनेला त्याची आडकाठी नाही, पण भुताच्या नावाने मारहाण, छळ, फसवणूक यांना आहे, आणि शहाणा धर्मगुरू त्या रेषेपासून दोन हात लांबच राहतो. बायबलच्या मराठीतला 'अशुद्ध आत्मा' त्यातल्या त्यात बरा, पण 'अशुद्ध' हा शब्द मराठवाड्यात निरुपद्रवी नाही.

तो का नाही, हे सांगितल्याशिवाय हा विषय जालन्यात पुरा होत नाही. औरंगाबाद-अहमदनगर पट्ट्यात जे कॅथलिक झाले त्यांतले बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते. त्यांचे आजोबा-पणजोबा गावच्या विहिरीवर हात लावू शकत नव्हते. वरून कोणी ओंजळीत ओतील तर प्यायचे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा शहरातल्या सवर्णांनी नंतर तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' केले. म्हणजे पाण्यातून वाईट काढण्याचा विधी या समाजाने पाहिलेला होता. फक्त त्या विधीत 'वाईट' ते स्वतःच होते.

हे ध्यानात ठेवून चर्चच्या दाराशी भिंतीला लावलेले ते छोटे दगडी किंवा पितळी पात्र पाहा. आत शिरणारा प्रत्येक जण त्याच पाण्यात बोटे बुडवतो आणि कपाळाला लावतो. आधी कोण, नंतर कोण, याचा नियम नाही. जुन्या विधीचे पाणी असो वा नव्याचे, ही गोष्ट दोन्हींत सारखी आहे. परंतु नवा विधी पाण्याकडे बोट दाखवून 'आठव, तू याच पाण्याने या घरचा झालास' असे म्हणतो, आणि ज्याच्या घराण्याला पाणी नाकारले गेले होते त्याच्यासाठी हे म्हणणे पाणचट नाही. परंपरावादी लेखकांनी नव्या विधीला केवळ 'आठवण' म्हणून हिणवले, तेव्हा आठवण कोणाची आणि कशाची, हे त्यांनी विचारले नाही. उलट सुधारकांनीही हे पाहिले नाही, की रात्री अंगणात काही हलले तर भिणाऱ्या माणसाला आठवण पुरत नाही. त्याला हातात काहीतरी हवे असते. अविलाच्या संत तेरेसा काही अडाणी नव्हत्या, आणि त्यांनी आत्मचरित्रात पवित्र पाण्याइतके सैतानाला पळवून लावणारे दुसरे काही अनुभवले नाही, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे.

कायद्याची स्थिती थोडक्यात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली जुन्या मिस्साला मोकळीक दिली आणि २०११ च्या सूचनांनी जुन्या विधिग्रंथाचा वापरही स्पष्टपणे मान्य केला. पोप फ्रान्सिस यांनी १६ जुलै २०२१ रोजी ती मोकळीक आवळली. डिसेंबरातल्या खुलाशाने जुना विधिग्रंथ फक्त त्यासाठीच स्थापन झालेल्या विशेष धर्मग्रामांपुरता आणि बिशपच्या परवानगीने ठेवला. एखाद्या धर्मगुरूने आपल्या खोलीत जुन्या पुस्तकातून मीठ-पाणी पवित्र केले तर काय, यावर विधिज्ञांत अजून खल चालू आहे. चर्चची मूळ भूमिका मात्र दोन्ही विधींना सारखीच लागू आहे: हे पाणी औषध नाही आणि मंत्रही नाही. त्याचे फळ चर्चच्या प्रार्थनेवर आणि घेणाऱ्याच्या श्रद्धेवर अवलंबून. 'कोणते जास्त चालते?' हा प्रश्नच त्या भूमिकेत बसत नाही, आणि तरी लोक नेमका तोच विचारतात.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या भीतीने जगभरच्या चर्चांतली दाराशी असलेली पात्रे कोरडी करण्यात आली, भारतातल्या अनेक धर्मप्रांतांतही. जुने-नवे दोन्ही पक्ष त्या दिवसांत एकाच कोरड्या दगडात बोटे घालून परत फिरले असतील, सवयीने.

पुढच्या पानांत दोन्ही विधींचा क्रम, प्रार्थनांचा मराठी आशय आणि टीपा येतील. वाचकाने एका तपशिलाकडे लक्ष द्यावे: मीठ किती घालायचे, हे दोन्ही पुस्तकांत दिलेले नाही. ते चर्चची व्यवस्था पाहणाऱ्याच्या चिमटीवर सोडलेले आहे. उरलेल्या पाण्याचे मात्र जुने वळण पक्के आहे. ते मोरीत किंवा गटारात ओतायचे नाही, मातीला द्यायचे. निर्माल्य झाडाच्या बुडाशी ठेवणाऱ्या गावाला याचे कारण विचारावे लागत नाही. आणि एप्रिल-मेच्या जालन्यात, टँकरची वाट पाहणाऱ्या गल्लीत, बादलीच्या तळाशी उरलेले ते तांब्याभर पाणी कुंपणाच्या कडेच्या कडुनिंबाला पडते तेव्हा ते कोणत्या पुस्तकातून पवित्र झाले होते, हे विचारायला तिथे कोणी थांबलेले नसते. फक्त त्यात मीठ फार नसले म्हणजे झाले. झाडाला ते सोसत नाही.